नवीन वर्षाचा संकल्प : विडी-सिगारेट सोडू पाहणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या किनारपट्टीवरील गावांत डिसेंबर सरत आला की औषधांच्या दुकानात जे प्रश्न हमखास विचारले जातात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे एका औषधविक्रेत्याने दिलेली आहेत, त्यामुळे त्यांत औषधांइतकाच गिऱ्हाइकांचा अनुभवही आला आहे. हृदयविकार, फिट्स किंवा मानसिक आजारावर उपचार चालू असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी कोणतेही औषध सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे.

१ जानेवारीलाच सिगारेट सोडावी का?

तारीख ठरवणे आवश्यक आहे. ती १ जानेवारीच असली पाहिजे असे मात्र मुळीच नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्या अनेकांसाठी ती वर्षातील सर्वांत गैरसोयीची तारीख असते. नाताळपासून थर्टी फर्स्टपर्यंत अलिबाग, हर्णे, गणपतीपुळे, तारकर्ली या भागांत पर्यटकांची झुंबड उडालेली असते. ज्यांची घरगुती निवासाची सोय, खानावळ, रिक्षा किंवा सफरीची बोट आहे त्यांना धड झोपही मिळत नाही. ३१ तारखेच्या मध्यरात्री पाहुण्यांच्या आग्रहाने दोन घोट घेऊन ‘ही शेवटची’ म्हणत सिगारेट विझवणाऱ्याचा संकल्प दुसऱ्या दिवशी जड डोके, अर्धवट झोप आणि पडवीत पाहुण्यांनी विसरलेले अर्धे पाकीट यांच्या सोबतीने सुरू होतो. दारू आणि अपुरी झोप या दोन्हींमुळे तल्लफ बळावते, हे लक्षात घेता अशा माणसाने गर्दी ओसरल्यानंतरचा एखादा साधा, कामाचा दिवस निवडावा असे माझे स्पष्ट मत आहे.

याउलट, ‘आपले खरे नवे वर्ष गुढीपाडव्याला’ असे म्हणून तीन महिने पुढे ढकलणाऱ्यांपैकी बहुतेकांना सोडायचे नसते, एवढेच त्यातून कळते. तारीख आजपासून दोन आठवड्यांच्या आत असावी. त्याहून लांबची तारीख माणूस विसरतो, किंवा सोयीस्करपणे विसरतो.

त्या तारखेपर्यंत काय तयारी करावी?

संकल्पापेक्षा ही तयारीच अधिक महत्त्वाची आहे, आणि नेमकी तीच कोणी करत नाही. पहिले काही दिवस प्रत्येक विडी किंवा सिगारेट कधी, कुठे आणि कोणाबरोबर ओढली याची नोंद ठेवावी. आपण दिवसातून किती ओढतो हे बहुतेकांना ठाऊक असते; सकाळच्या चहानंतरची, मासळीचा लिलाव आटोपल्यानंतरची, एसटीची वाट पाहतानाची अशी त्यांतील कोणती सोडणे जड जाणार आहे, हे मात्र कागदावर उतरल्याशिवाय उमगत नाही. त्या दोन-तीन वेळांसाठी आधीच दुसरे काम ठरवून ठेवावे.

आदल्या दिवशी घरातील रक्षापात्र, लाइटर, स्कूटरच्या डिकीतील राखीव पाकीट आणि जुन्या शर्टांचे खिसे रिकामे करावेत. आणखी एक गोष्ट मी आवर्जून सांगतो, ती म्हणजे टपरीवरची उधारी चुकती करून वहीतील आपले पान बंद करून घेणे. उधारी बाकी असली की माणूस पैसे द्यायला म्हणून टपरीवर जातो, तेथे ओळखीचे चार जण उभे असतात आणि टपरीवाला सवयीने नेहमीची सिगारेट पुढे करतो. त्याचा त्यात काही दोष नाही, पण त्याला आधीच सांगून ठेवले तर तो पुढे करणार नाही. सप्टेंबर २०२० पासून महाराष्ट्रात सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकण्यास बंदी आहे. ती प्रत्यक्षात किती पाळली जाते हे कोणत्याही नाक्यावर दिसते, म्हणून त्या बंदीच्या भरवशावर राहू नये.

एकदम सोडावी की हळूहळू कमी करावी?

एकदम सोडावी. इंग्लंडमध्ये सुमारे ७०० जणांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ठरलेल्या दिवशी एकदम थांबणाऱ्यांपैकी ४९ टक्के, तर दोन आठवडे कमी करत जाऊन थांबणाऱ्यांपैकी ३९ टक्के लोक चार आठवड्यांनंतर धूम्रपानापासून दूर होते. दोन्ही गटांना औषध आणि समुपदेशन मिळाले होते, हे येथे विसरून चालणार नाही. ज्याला एकदम थांबण्याची कल्पनाच सहन होत नाही त्याने कमी करत जावे, परंतु शेवटची तारीख निश्चित ठेवावी. नाहीतर दहाच्या पाच होतात, पाचाच्या तीन होतात आणि घरात लग्नकार्य निघाले की तीनाच्या पुन्हा बारा होतात.

मी सिगारेट नाही, विडी ओढतो. ती पानाची असते, मग तिचा त्रास कमी नसतो का?

पान तेंदूचे असले तरी आत तंबाखूच असते. विडीत तंबाखू सिगारेटपेक्षा बरीच कमी असते हे खरे. परंतु पानातून हवा नीट खेळत नाही, विडी सारखी विझू पाहते आणि ती पेटती ठेवण्यासाठी झुरके जोराने व वरचेवर मारावे लागतात, त्यामुळे निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटइतकेच, किंबहुना अधिकही, शरीरात जाते. भारतातील मृत्यूंच्या मोठ्या पाहणीवर आधारलेल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार विडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सरासरी सुमारे ६ वर्षांनी, विडी ओढणाऱ्या स्त्रियांचे सुमारे ८ वर्षांनी आणि सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचे सुमारे १० वर्षांनी घटते. दहापेक्षा सहा कमी आहेत म्हणून विडीला सौम्य म्हणायचे असेल तर म्हणावे. सहा वर्षांत नातवंडाची शाळा सुरू होते.

आमचे आजोबा नव्वदीपर्यंत विडी ओढत होते. त्यांना काहीच झाले नाही, असे कसे?

आयुष्यभर धूम्रपान करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे त्याच कारणाने दगावतात, याचा अर्थ उरलेले निम्मे दगावत नाहीत. आजोबा त्या उरलेल्यांत होते. त्यांच्या बरोबरीचे जे साठीतच गेले, त्यांचे उदाहरण द्यायला घरात कोणी बसलेले नसते.

सोडल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत नेमके काय होते?

रक्तातील निकोटिन दर दोन तासांनी साधारण निम्मे होते, त्यामुळे ओढलेले निकोटिन दिवसभरात बहुतांशी निघून जाते. कार्बन मोनॉक्साइडही एक-दोन दिवसांत ओसरतो. खरा त्रास निकोटिन गेल्यानंतर सुरू होतो. चिडचिड, अस्वस्थता, कामात लक्ष न लागणे, झोपमोड, भूक वाढणे ही लक्षणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असतात आणि दोन ते चार आठवड्यांत निवळतात. काहींना बद्धकोष्ठ होते, काहींच्या तोंडात फोड येतात. या लक्षणांची कल्पना आधी नसली की माणूस ‘मला सोडणे मानवत नाही’ असा निष्कर्ष काढतो आणि तिसऱ्याच दिवशी पुन्हा ओढू लागतो.

खोकल्याबद्दल वेगळे सांगणे भाग आहे, कारण त्यावरून लोक हमखास घाबरतात. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला असलेले सूक्ष्म केस धुरामुळे निकामी झालेले असतात. धूर थांबला की ते पुन्हा काम करू लागतात आणि साचलेला कफ वर ढकलतात. त्यामुळे पहिले काही आठवडे खोकला वाढल्यासारखा वाटतो. मात्र कफातून रक्त पडत असेल, वजन घटत असेल किंवा खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला असेल, तर क्षयरोग आणि इतर आजारांची तपासणी करून घ्यावी. धूम्रपान करणाऱ्यांत क्षयाचा धोका मुळातच अधिक असतो.

तल्लफेची एकेक लाट मात्र काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ जागा बदलावी, पाणी प्यावे, कोणाला तरी फोन करावा. ओढली किंवा न ओढली तरी ती लाट ओसरतेच.

निकोटिनच्या च्युइंगमचा उपयोग होतो का? मी घेतला होता, नुसत्या उचक्या लागल्या.

उपयोग होतो, पण तो च्युइंगमसारखा चघळायचा नसतो, आणि नेमकी येथेच दहांतील आठ जणांची गल्लत होते. गिऱ्हाईक दुकानातच पाकीट फोडते, गोळी तोंडात टाकते आणि बोलता बोलता कराकरा चावू लागते. मग सगळे निकोटिन लाळेबरोबर पोटात जाते, घशाशी जळजळते, उचक्या लागतात आणि तल्लफ आहे तेथेच राहते. हे निकोटिन पोटातून नव्हे, तर गालाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जायला हवे. त्यासाठी गोळी सावकाश चावावी, तिखटसर चव किंवा झिणझिण्या जाणवल्या की चावणे थांबवून ती गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवावी, झिणझिण्या ओसरल्या की पुन्हा दोन-चार वेळा चावून जागा बदलावी. एक गोळी अशा रीतीने सुमारे अर्धा तास चालते.

दुसरे पथ्य आपल्या भागासाठी विशेष महत्त्वाचे आहे. तोंडात आंबटपणा असला की निकोटिन शोषले जात नाही. त्यामुळे गोळीच्या आधी पंधरा मिनिटे आणि गोळी तोंडात असेपर्यंत कोकम सरबत, सोलकढी, लिंबू सरबत, चहा, कॉफी यांपैकी काहीही घेऊ नये. दुपारी जेवणानंतर सोलकढी पिऊन लगेच गोळी चघळणारा माणूस पैसे वाया घालवत असतो.

गोळ्या २ आणि ४ मिलिग्रॅमच्या असतात. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली ओढावी लागणाऱ्याला ४ मिलिग्रॅमची लागते, आणि ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घ्यावी. सुरुवातीला दर एक-दोन तासांनी एक, मग हळूहळू कमी करत सुमारे तीन महिन्यांत बंद, असा क्रम ठेवावा. लोक तल्लफ अनावर झाल्यावर गोळी शोधतात. ती वेळेवर घेतली तर तेवढी वेळच येत नाही. पाकीट लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.

गिळायच्या गोळ्यांनी सुटते असे ऐकले आहे. त्या कोणत्या?

व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपियॉन ही दोन औषधे आहेत. दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नयेत. व्हॅरेनिक्लिन साधारणपणे ठरलेल्या तारखेच्या आठवडाभर आधी सुरू करून १२ आठवडे घेतात. फिट्स येणाऱ्यांना ब्युप्रोपियॉन चालत नाही. केवळ मनोबळावर सोडणाऱ्यांपैकी वर्षभर टिकणारे शंभरात जेमतेम तीन ते पाच असतात, त्यामुळे औषध घेण्यात कमीपणा मानण्याचे काहीही कारण नाही.

तल्लफ आली की त्याऐवजी सुपारी, तंबाखू किंवा मिश्री चालेल का?

नाही, आणि या उत्तरावर सर्वाधिक वाद होतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते, तर बिनधुराचा तंबाखू खाणारे किंवा लावणारे २४.४ टक्के. म्हणजे ज्याने विडी सोडली त्याच्या घरात, शेजारी आणि कामाच्या ठिकाणी चंची, चुना आणि मिश्रीची डबी बहुधा आधीच हजर असते. मिश्री म्हणजे भाजून पूड केलेला तंबाखूच. घरातील वडीलधाऱ्या बायका ती दात घासायला म्हणून लावतात, म्हणून ती औषधी होत नाही. विडी सोडून मळलेली तंबाखू दाढेखाली धरणाऱ्याचे निकोटिन तसेच चालू राहते. धोका फुप्फुसांकडून तोंडाकडे सरकतो, एवढाच फरक.

सुपारीचा विषय अधिक नाजूक आहे, कारण श्रीवर्धनच्या रोठा जातीच्या सुपारीपासून सिंधुदुर्गातील वाड्यांपर्यंत सुपारी हे येथील पीक आहे आणि पाहुण्यापुढे तबक ठेवणे ही रीत आहे. तरीही सांगणे प्राप्त आहे की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच सुपारीला, तंबाखूविनाही, माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे. सतत सुपारी चघळणाऱ्यांचे गाल आतून ताठर होत जातात आणि पुढे तोंड दोन बोटेही उघडत नाही. सणासमारंभातल्या एका खांडाबद्दल मी बोलत नाही; तल्लफेला उतारा म्हणून दिवसातून दहा वेळा खाल्ल्या जाणाऱ्या सुपारीबद्दल बोलत आहे.

तोंडात काहीतरी हवेच असेल तर लवंग, वेलची, बडीशेप किंवा वाळवलेल्या आवळ्याची फोड ठेवावी. आमसूलही चालते, फक्त निकोटिनच्या गोळीच्या वेळी नाही.

मी मासेमारीच्या बोटीवर असतो. रात्रभर जागायचे तर विडी लागतेच. काय करावे?

विडीने तरतरी आल्यासारखे वाटते, परंतु सवयीच्या माणसात ती बरीचशी तरतरी म्हणजे निकोटिन कमी झाल्यामुळे आलेली सुस्ती दूर होणे असते. सोडल्यानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे रात्रपाळी जड जाते, पुढे तसे राहत नाही.

माझ्या मते खलाशासाठी सोडण्याची सर्वांत चांगली जागा समुद्र हीच आहे. बंदर सुटल्यानंतर टपरी नसते, शिध्याबरोबर जे चढले तेवढेच बोटीवर असते. त्यामुळे स्वतःचे बंडल चढवायचे नाही आणि तांडेलाला (बोटीच्या प्रमुखाला) व बरोबरच्यांना निघण्यापूर्वीच ‘मागितली तरी देऊ नका’ असे सांगायचे, एवढे केले तर सर्वांत कठीण असे पहिले तीन-चार दिवस पाण्यावरच निघून जातात. डिझेल आणि गॅसच्या शेगडीशेजारी पेटती काडी नसणे तांडेलालाही हवेच असते. निकोटिनच्या गोळ्या मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. त्वचेवर लावायची निकोटिनची पट्टीही मिळते, परंतु खाऱ्या पाण्याने आणि घामाने ओल्या अंगावर ती नीट टिकत नाही.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात सोडण्याचा बेत अनेकजण करतात. तो मला फारसा पसंत नाही. बोट किनाऱ्याला, हातात जाळे विणण्याचे काम, बाहेर पाऊस आणि चार जणांचा अड्डा, यातून निभावणे समुद्रापेक्षा अवघड जाते.

बागेत फवारणी चालू असताना विडी ओढली तर?

मोहोर टिकवण्यासाठी फवारणी करताना कीटकनाशकाचा अंश हातांवर राहतो आणि विडीबरोबर थेट ओठांपर्यंत जातो. धूम्रपान सोडायचे नसले तरी निदान फवारणीच्या वेळी आणि साबणाने हात धुतल्याशिवाय विडीला हात लावू नये.

चहा सोडावा लागेल का?

सोडावा लागत नाही, निम्मा करावा. सिगारेटच्या धुरातील काही घटकांमुळे यकृत कॅफिनचा निचरा अधिक वेगाने करत असते. धूर थांबला की तो वेग मंदावतो आणि नेहमीचाच चहा जास्त चढतो. मग धडधड आणि झोपमोड होते व तिचा दोष सिगारेट सोडण्यावर येतो. याच कारणाने दम्यासाठी थिओफिलिन घेणाऱ्यांनी आणि मानसिक आजारावरील काही गोळ्या घेणाऱ्यांनी सिगारेट सोडल्याचे डॉक्टरांना कळवावे, कारण मात्रा बदलावी लागू शकते.

वजन वाढते ना?

पहिल्या वर्षात सरासरी चार ते पाच किलो वाढते. काहींचे वाढत नाही, काहींचे घटतेही. धूम्रपान चालू ठेवण्यास ते कारण पुरेसे नाही.

दिवसाला एकच ओढतो. त्याने काय होणार?

दिवसाला २० सिगारेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, त्याचा विसावा भाग एका सिगारेटने होत असेल असे वाटते. प्रत्यक्षात तो सुमारे ४० ते ५० टक्के असतो, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसून आले. हृदयाच्या बाबतीत कमी करण्याला फारसा अर्थ नाही, थांबण्याला आहे.

ई-सिगारेटवर गेलो तर?

२०१९ च्या कायद्यानुसार भारतात तिचे उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात या सर्वांवर बंदी आहे. पर्यटकांच्या हातात दिसते म्हणून ती कायदेशीर होत नाही.

घरात चुलीचा धूर असतोच. मग विडीचाच काय तो बाऊ?

चुलीचा धूर फुप्फुसांना घातक आहेच, आणि स्वयंपाकघरात राबणाऱ्या बायकांना त्याचा दमा जडतो. पण त्यावरून विडीला सूट मिळत नाही; उलट जिच्या फुप्फुसांवर चुलीचा भार आधीच आहे, तिला बंद माजघरात विडीचा धूरही द्यावा का, असा प्रश्न उभा राहतो. गॅस किंवा धुराडे करून घेणे आणि विडी बंद करणे ही दोन्ही कामे करायची आहेत.

तीस वर्षे ओढली. आता सोडून काय उपयोग?

ब्रिटनमधील डॉक्टरांचा पन्नास वर्षे पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासात तिशीत सोडणाऱ्यांचे सुमारे १०, चाळिशीत ९, पन्नाशीत ६ आणि साठीत सोडणाऱ्यांचेही सुमारे ३ वर्षे आयुष्य वाचल्याचे दिसले. हृदयविकाराचा जादा धोका वर्षभरात जवळपास निम्मा होतो, फुप्फुसाच्या कर्करोगाचा सुमारे दहा वर्षांत.

शिमग्यात एक ओढली. संकल्प मोडला का?

एका सिगारेटने मोडत नाही. ‘आता मोडलाच आहे तर’ असे म्हणून घेतलेल्या दुसरीने मोडतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. निकोटिन अंगातून कधीच गेलेले असले, तरी पालखीबरोबर रात्र जागवताना, मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांच्या घोळक्यात, पूर्वी जेथे हात खिशाकडे जात असे तेथे तो पुन्हा जातो. म्हणून जत्रा, शिमगा, लग्न, गणपती या प्रसंगांची उजळणी आधीच करून ठेवावी. कोणी पुढे केली तर काय बोलायचे ते वाक्यही ठरवून ठेवावे. ‘डॉक्टरांनी बंद केली आहे’ या वाक्यावर गावात सहसा कोणी वाद घालत नाही. ओढली गेलीच तर उरलेले पाकीट त्याच क्षणी टाकून द्यावे, आणि नवीन तारखेसाठी पुढच्या १ जानेवारीची वाट पाहू नये.

घरच्यांनी काय करावे?

पहिले दोन आठवडे चिडचिड मनावर घेऊ नये आणि खिसे तपासू नयेत. रोज ‘आज ओढली का?’ असे विचारल्याने माणूस खोटे बोलायला शिकतो. घरात दुसरे कोणी ओढत असेल तर त्याने निदान घराबाहेर जावे. दोघांनी मिळून सोडणे सर्वांत उत्तम.

मदत कोठे मिळेल?

१८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवा निःशुल्क आहे आणि तेथे मराठीतूनही बोलता येते. हाच क्रमांक सिगारेटच्या पाकिटावर छापलेला असतो. समुपदेशक सोडण्याची तारीख ठरवून देतात आणि पुढे स्वतःहून दूरध्वनी करून चौकशीही करतात, म्हणून बोटीवर जाणाऱ्यांनी आपण रेंजमध्ये कोणत्या दिवशी असू हे त्यांना आधीच सांगावे. समोरासमोर बोलायचे असेल तर अलिबाग, रत्नागिरी किंवा ओरोस येथील जिल्हा रुग्णालयात तंबाखूमुक्ती समुपदेशनाची चौकशी करावी. जाताना नोंदींचा तो कागद आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या बरोबर न्याव्यात.